जॉब शीटवरची एक ओळ: वाढीव वॉरंटी घेतलेल्या फ्रिजचे प्रकरण

हे प्रकरण आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात जून २०२५ मध्ये आले. तक्रारदार या निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून सातारा जिल्ह्यातील एका गावी राहतात. येथे त्यांचा उल्लेख 'बाई' असा केला आहे, कारण गावात त्यांना आजही त्याच नावाने हाक मारली जाते. दुकान, फ्रिजची कंपनी आणि वॉरंटी देणारी कंपनी यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. रक्कम साडेपाच हजारांच्या आसपासची असूनही प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की अशा तक्रारींत वाद नेमका कुठे जिंकला किंवा हरला जातो ते यात स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमी

५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, बाई आणि त्यांचा मुलगा तालुक्यातील एका मोठ्या दुकानात फ्रिज घेण्यासाठी गेले. जुना फ्रिज वीस वर्षांचा झाला होता आणि घरातील वृद्ध सासूबाईंचे इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागत असल्याने नवा फ्रिज ही चैन नव्हती. त्यांनी इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा दोन दरवाजांचा फ्रिज पसंत केला. किंमत ३६,४९० रुपये होती. त्याच्या दारावर 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असे ठळक स्टिकर लावलेले होते आणि विक्रेत्यानेही तेच सांगितल्यामुळे बाईंनी स्टॅबिलायझर घेतला नाही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

बिल करण्याच्या काउंटरवर विक्रेत्याने वाढीव वॉरंटीचा विषय काढला. कंपनीची पूर्ण वॉरंटी एकच वर्षाची होती. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची असली, तरी ती फक्त कॉम्प्रेसरपुरतीच, आणि गॅस व मजुरी त्यात धरलेली नव्हती. त्यापुढील तीन वर्षांसाठी दोन योजना होत्या: साधी २,९९९ रुपयांची आणि 'प्लस' ४,२९९ रुपयांची. साध्या योजनेत काय नाही आणि प्लसमध्ये काय जास्त आहे, असे मुलाने विचारले. त्यावर विक्रेत्याचे उत्तर बाईंना अजून शब्दशः आठवते: "बाई, प्लस घेतलं की चार वर्षं फ्रिजकडं बघायचंच नाही. सगळं त्यात आलं." मागे पाच-सहा गिऱ्हाइके उभी होती, टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, आणि मुहूर्त टळायच्या आत फ्रिज घरात यावा अशी सासूबाईंची इच्छा होती.

जुन्या फ्रिजचे २,५०० रुपये वजा जाऊन आणि १,२०० रुपयांचे स्टँड धरून एकूण ३९,४८९ रुपये झाले. ३,४८९ रुपये रोख देऊन उरलेल्या ३६,००० रुपयांचे तीन-तीन हजारांचे बारा हप्ते करण्यात आले. एकदा हप्ता ठरला, की त्यात प्लसचे किती आणि फ्रिजचे किती हे कोणी विचारत नाही. बिलावर वॉरंटीच्या ओळीत केवळ 'अ‍ॅड ऑन' एवढे लिहिलेले होते, ती देणाऱ्या कंपनीचे नाव नव्हते. वॉरंटीचा दाखला म्हणून मुलाच्या मोबाइलवर एक लिंक आली, ती त्याने उघडली नाही.

अडचण

पहिली पावणेतीन वर्षे फ्रिज विनातक्रार चालला. ११ जून २०२५ रोजी, वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दूध नासलेले आढळले. आतला दिवा लागत होता, परंतु गारवा अजिबात नव्हता. कंपनीची मूळ वॉरंटी संपून वीस महिने झाले होते, वाढीव वॉरंटी मात्र ४ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालू होती. मुलाने तक्रार नोंदवली, इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये हलवण्यात आले आणि १४ जूनला तंत्रज्ञ घरी आला.

त्याने मागचे झाकण काढून दहा मिनिटे पाहिले आणि पीसीबी, म्हणजे फ्रिजचे नियंत्रण करणारे सर्किट बोर्ड, गेले आहे असे सांगितले. बाई चहा ठेवायला आत गेल्या. त्या परत येईपर्यंत जॉब शीट, म्हणजे तंत्रज्ञाचा तपासणीचा लेखी अहवाल, भरून झाली होती. इंग्रजीत लिहिलेल्या त्या ओळीचा अर्थ असा होता: 'विद्युत दाबातील चढउतारामुळे पीसीबी जळाले.' बाईंनी काय लिहिले आहे असे विचारले तेव्हा "सही करा मावशी, बाकीचं ऑफिस बघतं" असे उत्तर मिळाले, आणि बाईंनी सही केली.

१७ जूनला संदेश आला की दावा नामंजूर आहे, कारण विजेच्या दाबातील चढउतारामुळे झालेले नुकसान योजनेत समाविष्ट नाही. बोर्ड बदलण्याचा खर्च मजुरी आणि करासह ५,६६४ रुपये सांगण्यात आला. दावा नामंजूर झाल्यामुळे तंत्रज्ञाच्या भेटीचे ५९० रुपयेही ग्राहकाकडून घेण्यात आले. दुकानदाराचे म्हणणे होते की वॉरंटी त्यांची नाही, ते फक्त विकून देतात.

कागद हाती आल्यावर

बाई २१ जूनला केंद्रात आल्या तेव्हा त्यांच्याजवळ बिल, जॉब शीटची पिवळी प्रत आणि नामंजुरीचा संदेश एवढेच होते. मुलाच्या मोबाइलवरील जुनी लिंक आता उघडत नव्हती. कस्टमर केअरला दोनदा फोन केल्यावर योजनेच्या अटी ई-मेलने मिळाल्या. त्या एकोणीस पाने इंग्रजीत होत्या.

त्यातल्या तीन गोष्टी आम्ही वेगळ्या काढल्या. पहिली गोष्ट म्हणजे प्लस योजनेत साध्या योजनेपेक्षा जास्त काय आहे ते. प्राधान्याने भेट आणि वर्षातून एकदा मोफत सर्व्हिसिंग, एवढेच. कोणता बिघाड धरायचा आणि कोणता नाही, याची यादी दोन्ही योजनांना एकच होती. म्हणजे बाईंनी जास्तीचे १,३०० रुपये ज्या 'सगळ्या'साठी दिले होते, ते सगळे त्यात नव्हतेच, आणि जे होते ते मोफत सर्व्हिसिंग दोन वर्षांत कोणी सुचवलेही नव्हते. दुसरी गोष्ट अशी की दाव्याची कमाल मर्यादा दरवर्षी घटत जाऊन चौथ्या वर्षी बिलाच्या निम्म्यावर येणार होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. विद्युत दाब, वीज पडणे, उंदीर, पाल, झुरळे, ओल अशी बाह्य कारणे वगळलेली होती, आणि बिघाड कोणत्या कारणाने झाला याबाबत तंत्रज्ञाचा अहवाल अंतिम राहील असे एक वाक्य परिशिष्टात होते.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की सव्वाचार हजारांची ही योजना प्रत्यक्षात उपयोगी पडणार की नाही हे एकोणीस पानांवर नव्हे, तर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून लिहिलेल्या एका ओळीवर ठरते. त्या ओळीसाठी तंत्रज्ञाने दाब मोजला नव्हता. मीटर त्याच्या पिशवीतून बाहेरच आला नव्हता, असे बाईंनी खात्रीने सांगितले. त्याच आठवड्यात घरातील टीव्ही, मिक्सर, पंखे यांपैकी काहीही बिघडले नव्हते.

येथे थोडे तांत्रिक स्पष्टीकरण आवश्यक आहे. अशा बोर्डावर वीज आत येते त्या जागी सहसा एक फ्यूज आणि बटणासारखी चपटी, बहुधा निळ्या रंगाची एक चकती असते. दाब एकदम वाढला की ही चकती स्वतः जळून बाकीचे बोर्ड वाचवते. त्यामुळे मोठ्या झटक्याने बोर्ड गेले असेल, तर ही चकती बहुधा तडकलेली किंवा काळवंडलेली आणि फ्यूज उडालेला दिसतो. दोन्ही शाबूत असतील, तर कॅपॅसिटर (बोर्डावरचा वीज साठवणारा छोटा घटक) फुगणे, टाका सुटणे, ओल धरणे अशी अन्य कारणे आधी तपासावी लागतात. हा निर्णायक पुरावा नव्हे, तथापि पाहण्यासारखी ती पहिली जागा आहे, आणि पहिल्या जॉब शीटमध्ये तिचा उल्लेखही नव्हता.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय ५,६६४ रुपये भरून मोकळे होण्याचा होता. सासूबाईंचे इन्सुलिन परक्या घरात होते आणि शेजारी कितीही चांगले असले, तरी रात्री नऊ वाजता दार वाजवायला संकोच वाटतो. मुलाचा कल याच पर्यायाकडे होता. त्याची बाजू चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही.

दुसरा पर्याय गावातील मेकॅनिककडून बोर्ड दुरुस्त करून घेण्याचा होता. त्याने दीड हजाराचा अंदाज दिला होता. मात्र बाहेरच्या माणसाने बोर्ड उघडले की उरलेली पंधरा महिन्यांची वॉरंटीही जाणार होती, आणि जुने बोर्ड हा एकमेव पुरावा आपल्याच हाताने बदलला जाणार होता.

तिसरा पर्याय वॉरंटी कंपनीशी लेखी वाद घालण्याचा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याचा होता. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते, पण ती न्यायनिवाडा करत नाही. लोक पुष्कळदा तिला कोर्ट समजतात आणि मग निराश होतात.

चौथा पर्याय जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाल्यानंतर ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील देणे बंधनकारक नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कायद्याने निकालासाठी तीन महिन्यांचे, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. अनुभव त्याहून बराच लांबचा आहे, हे बाईंना आम्ही स्पष्ट सांगितले.

'तंत्रज्ञाचा अहवाल अंतिम' ही अटच अन्यायकारक करार ठरते, असा मुद्दा घेण्याचाही विचार झाला. परंतु अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. साडेपाच हजारांच्या बोर्डासाठी तो रस्ता धरण्यात अर्थ नव्हता. दाखल्यावर हा 'सेवा करार' असल्याचे लिहिलेले होते आणि बाईंच्या नावे विमा पॉलिसी नव्हती, त्यामुळे विमा लोकपालाचाही मार्ग उपलब्ध नव्हता.

काय केले

बाईंनी तिसरा पर्याय निवडला आणि चौथ्याची तयारी ठेवली. फ्रिजला कोणीही हात लावायचा नाही, असे पहिल्या दिवशीच ठरले.

२३ जूनला वॉरंटी कंपनी आणि दुकान या दोघांना पत्र गेले. आमच्या पहिल्या मसुद्यात विक्रेत्याने काय कबूल केले होते याचे दीड पान होते. बाईंनी तो वाचला आणि शाळेतल्या सवयीप्रमाणे लाल पेनाने तीन परिच्छेद खोडले. "हे सिद्ध कसं करणार?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पत्रात शेवटी चारच प्रश्न उरले: दाब मोजला होता का, कोणत्या उपकरणाने, आकडा किती आला, आणि तो जॉब शीटवर का नाही. त्याखाली एवढेच लिहिले की स्टॅबिलायझर लागत नाही असे सांगून विकलेल्या फ्रिजबाबत दाबातील चढउताराचे कारण पुढे करायचे असेल, तर ते दाखवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. अपवादाच्या कलमावर बोट ठेवणाऱ्यानेच तो अपवाद लागू होतो हे दाखवायचे, हे तत्त्व विमा दाव्यांत आपल्या न्यायालयांनी वारंवार मान्य केलेले आहे. हा विमा नसला, तरी युक्तिवाद तोच होता.

३० जूनला आलेल्या उत्तरात चारही प्रश्नांना बगल देऊन अटींचा क्रमांक पुन्हा उद्धृत केलेला होता. १ जुलैला हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ८ जुलैला कंपनीकडून फोन आला आणि 'सद्भावना' म्हणून त्याच दुकानात वापरता येईल असे २,८०० रुपयांचे व्हाउचर देण्याची तयारी दाखवण्यात आली.

या प्रकरणातला खरा अवघड निर्णय हा होता. मुलाचे म्हणणे होते की व्हाउचर घ्यावे, वर तेवढेच घालून बोर्ड बसवावे आणि आजीचे हाल थांबवावेत. बाईंचे म्हणणे होते की ज्या दुकानाने ही वेळ आणली तिथेच पुन्हा खरेदी करायला लावणारी भरपाई ही भरपाई नव्हे. आम्ही मत दिले नाही. फक्त व्हाउचरसोबतच्या ई-मेलमधील 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही' या वाक्याकडे दोघांचेही लक्ष वेधले. उरलेल्या वॉरंटीवरही त्याने पाणी सोडावे लागले असते. बाईंनी नकार कळवला, आणि १० जुलैला कंपनीला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह नोटीस गेली. पंधरा दिवसांत मोजमापासह पुन्हा तपासणी न केल्यास जिल्हा आयोगाकडे जाऊ, असे त्यात म्हटले होते.

१९ जुलैला दुसरा तंत्रज्ञ आला. या वेळी बाई चहा ठेवायला गेल्या नाहीत. त्यांचा एक माजी विद्यार्थी गावात वायरमन आहे, त्याला त्यांनी बोलावून ठेवले होते. त्याने प्रथम प्लगच्या जागी मीटर लावायला सांगितले. आकडा २२७ आला, तो तंत्रज्ञाने लिहून घेतला. मागचे झाकण निघाल्यावर बोर्ड खिडकीच्या उजेडात धरून त्याने निळी चकती आणि फ्यूज दाखवले: दोन्ही जसेच्या तसे. शेजारी एका कॅपॅसिटरचे डोके मात्र शिजलेल्या डाळीच्या झाकणासारखे वर उचलले गेले होते. तंत्रज्ञाने स्वतःहून त्याचे फोटो काढले. तो मुलगा प्रामाणिक होता, हे नमूद करायला हवे. जॉब शीट भरण्याआधी त्याने बाईंना वाचून दाखवली: 'बोर्डावरील घटक निकामी, बाह्य नुकसानीच्या खुणा नाहीत.'

निष्पत्ती

२४ जुलैला बोर्ड विनामूल्य बदलण्यात आले. फ्रिज एकूण ४३ दिवस बंद होता. कंपनीने लेखी कळवले की हा निर्णय 'एक वेळची बाब म्हणून' घेतलेला असून पहिली नामंजुरी चुकीची होती असे त्यातून मान्य होत नाही. पहिल्या भेटीचे ५९० रुपये परत मिळाले नाहीत. दुकानाने पत्राला उत्तरच दिले नाही.

हिशेब बाईंनी स्वतःच वहीत मांडला होता. वॉरंटीचे ४,२९९ रुपये दिले, ५,६६४ रुपयांचे काम फुकट झाले, म्हणजे १,३६५ रुपये वाचले. त्यातून भेटीचे ५९० गेले, उरले ७७५. झेरॉक्स, पोस्ट आणि तालुक्याला मारलेल्या तीन खेपा यांचा खर्च त्यात धरलेला नाही. आमच्याकडे आलेल्या अशा तक्रारींत हे यशस्वी प्रकरण मानले जाते.

कुठे वेगळे करता आले असते

खरेदीच्या वेळी अटी छापील मागायला हव्या होत्या, हे उघड आहे आणि ते सांगणे सोपे आहे. दसऱ्याच्या गर्दीत ते किती जमते हा प्रश्न वेगळा. त्यापेक्षा जमण्यासारखी गोष्ट म्हणजे वॉरंटीचा निर्णय त्या दिवशी न घेणे. कंपनीची मूळ वॉरंटी वर्षभर चालू असते आणि पुष्कळ कंपन्या ती संपण्याआधी स्वतःची वाढीव योजना विकतात. दुकानाने 'आजच घेतली तर' असे म्हटले, तर त्यातली घाई ग्राहकाची नसते.

साधी आणि प्लस यांच्यातला फरक विचारण्याची मुलाची वृत्ती योग्य होती, प्रश्न मात्र निसटता होता. 'काय जास्त आहे' असे विचारल्यावर 'सगळं' हे उत्तर मिळते. 'पीसीबी गेले आणि तुमचा माणूस म्हणाला की व्होल्टेजमुळे गेले, तर पैसे कोण देणार' असे विचारल्यास विक्रेत्याला एक तर ठोस उत्तर द्यावे लागते किंवा गप्प बसावे लागते.

आमचीही एक चूक झाली. पहिल्या पत्राबरोबरच महावितरणच्या शाखा कार्यालयाला लेखी अर्ज देऊन ११ जूनच्या सुमारास त्या रोहित्रावर बिघाडाची नोंद आहे का, हे विचारायला हवे होते. आम्ही ते जुलैत तोंडी विचारले आणि "तशी काही तक्रार नव्हती" असे तोंडीच उत्तर मिळाले. दुसरी तपासणी बाईंच्या बाजूने झाली नसती, तर आयोगापुढे हा कागद फार उपयोगी पडला असता, आणि तो आमच्याजवळ नव्हता.

पहिल्या जॉब शीटवर सही करण्यास बाई नकार देऊ शकल्या असत्या का, याबाबत केंद्रात दोन मते आहेत. काहींच्या मते सही न केल्यास तंत्रज्ञ 'ग्राहकाने सहकार्य केले नाही' असा शेरा मारून जातो. मला स्वतःला असे वाटते की सही करावी, पण तिच्यावर मराठीत 'कारण मान्य नाही, दाब मोजला नाही' एवढे सहा शब्द लिहून करावी, आणि कार्बनची प्रत हातात येईपर्यंत तंत्रज्ञाला दारातून जाऊ देऊ नये. बाईंच्या घरी फ्रिजच्या बाजूला आता एक जुने पेन दोऱ्याने बांधून लटकवलेले आहे. ५९० रुपयांच्या परताव्याचे स्मरणपत्र कंपनीला गेलेले आहे.